चाळणीला लांबी कळत नाही : बांबूचा कण आणि विघटनशील प्लॅस्टिक

उद्यमबागेतल्या एका छोट्या शेडमध्ये आमच्यापुढे बांबूच्या पिठाची दोन पोती होती. दोन वेगवेगळ्या ठिकाणांहून आणलेली, पण दोन्हींवर एकच आकडा : ६० मेश. पीएलए या विघटनशील प्लॅस्टिकचा दाणा तोच, बांबूचं प्रमाण तेच २० टक्के, मशीन तेच, चालवणारा माणूसही तोच. एका पोत्यातलं पीठ प्लॅस्टिकमध्ये मिसळून साच्यातून काढलेल्या पट्ट्या हातात धरून वाकवल्या की चांगला ताण घेऊन मग मोडत. दुसऱ्या पोत्याच्या पट्ट्या खडूसारख्या काडकन तुटत. आम्ही आधी मशीनचं तापमान तपासलं, मग पावसाळी हवेवर संशय घेतला, मग दाण्याच्या नव्या पोत्यावर. यात आठवडा गेला. शेवटी दोन्ही पोत्यांतली चिमूट चिमूट काळ्या कागदावर पसरली आणि उत्तर समोर आलं. एक पीठ रव्यासारखं होतं, दुसरं शेवयांच्या चुऱ्यासारखं.

हा लेख त्या काळ्या कागदाबद्दल आहे. बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या ज्या मुलांना अभियांत्रिकीच्या प्रकल्पासाठी किंवा छोट्या धंद्यासाठी बांबू आणि विघटनशील प्लॅस्टिक एकत्र आणायचं आहे, त्यांचा आठवडा तरी वाचावा म्हणून तो लिहितो आहे.

मराठीत आपल्याकडे दोन चांगले शब्द आहेत : आकारमान आणि आकार. कण केवढा आहे ते आकारमान, आणि कसा आहे तो आकार. चाळणी फक्त आकारमान सांगते, तेही अर्धवट. ६० मेशच्या चाळणीचं भोक साधारण २५० मायक्रॉनचं, म्हणजे पाव मिलिमीटरचं. पाव मिलिमीटरचा गोल कण त्यातून पडतो आणि पाव मिलिमीटर जाडीची, दोन मिलिमीटर लांबीची सुईही उभी होऊन त्यातूनच पडते. चाळणीच्या लेखी दोघं सारखेच, प्लॅस्टिकच्या लेखी मात्र त्यांचा काही संबंध नाही.

आपल्या भागातल्या फौंड्रीवाल्यांना हे वेगळं सांगावं लागत नाही. वाळूचा चाळणी-आकडा ते बघतातच, पण दाणा गोल आहे की कोनेदार तेही बघतात. गोल दाण्याला बाइंडर, म्हणजे वाळू बांधून ठेवणारा चिकट माल, कमी लागतो, कोनेदार दाणे एकमेकांत अडकून बसतात. बांबूच्या कणाकडे त्याच नजरेनं बघायचं आहे.

आकारानं फरक का पडतो

खानापूरकडची जुनी मातीची भिंत आठवा. चिखलात भाताचं पिंजर तुडवून घातलं की भिंत तडकत नाही, कारण तडा जायला लागला की काडी दोन्ही बाजूंना धरून ठेवते. त्याच चिखलात भाताचा कोंडा घातला तर भिंत हलकी होते, माल वाचतो, पण तड्याला अडवायला कोंड्याचा हात पुरत नाही. पिंजर आणि कोंडा एकाच रोपाचे. फरक लांबीचा आणि जाडीचा.

प्लॅस्टिकमध्ये हेच घडतं. वस्तूवर ओढ आली की प्लॅस्टिक ती ओढ कणाच्या अंगावरून, घर्षणानं आणि चिकटून, कणाकडे सोपवतं. कण लांबट असेल तर सोपवायला जागा मिळते. कण गोळीसारखा असेल तर ओढ त्याला वळसा घालून जाते आणि त्याच्या कडेशी जमा होते, आणि तडा तिथूनच सुरू होतो. म्हणून पहिला आकडा लक्षात ठेवायचा तो मेशचा नाही, लांबी भागिले जाडीचा. याला इथून पुढे मी सडपातळपणा म्हणेन. रव्याचा सडपातळपणा एक-दोन, सुईसारख्या कणाचा दहा-वीस.

पहिली पायरी : बांबू निवडणं

कणाचा आकार गिरणीत ठरतो हे खरं, पण निम्मा बेटातच ठरलेला असतो. बांबूच्या भिंतीत बाहेरच्या बाजूला धाग्यांचे जुडगे दाट असतात, आतल्या बाजूला विरळ. आतला भाग मुख्यतः डब्यासारख्या आखूड पेशींचा, त्यात पिष्ट साठलेलं. त्या भागातून कितीही चांगल्या यंत्रानं सुया काढायच्या म्हटल्या तरी निघत नाहीत, रवाच निघतो. आणि अगदी बाहेरची हिरवी साल मेणचट, त्यात सिलिका, तिला प्लॅस्टिक नीट चिकटत नाही आणि गिरणीची पातीही ती लवकर बोथट करते.

म्हणजे वापरायचा तो साल तासल्यानंतरचा बाहेरचा अर्धा भाग. आतला भाग टाकून देऊ नका, त्याचा उपयोग पुढे सांगतो. आपल्याकडे माणगा किंवा मेस म्हणतात तो जवळजवळ भरीव बांबू या कामाला सोयीचा. काटेरी कळकही चालतो, फक्त तो तासताना हात सांभाळावे लागतात. तीन वर्षांच्या पुढचा बांबू घ्या, कोवळा नको. थंडीत तोडलेल्यात पिष्ट कमी असतं, त्यामुळे कीडही कमी लागते.

शेतातला, बांधावरचा बांबू घेतलात तर उत्तम. २०१७ च्या दुरुस्तीनंतर वनक्षेत्राबाहेर वाढलेला बांबू वन कायद्याच्या लेखी झाड राहिलेला नाही. जंगलातल्या बांबूला मात्र वन खात्याची परवानगी लागते, त्यात शॉर्टकट मारू नका.

दुसरी पायरी : कण पाडणं

इथे थोडा वेळ थांबू, कारण सगळी मेख इथेच आहे.

सुतारकामातला करवतीचा भुगा सगळ्यात सहज मिळतो. करवत बांबू आडवा कापते, धागे जागोजाग छाटते, त्यामुळे कण आखूड आणि ठोकळेबाज होतात. आमच्या खडूसारख्या पट्ट्यांच्या पोत्यात हाच भुगा दळून भरलेला होता. रंधा मारला तर वळलेले पातळ पापुद्रे निघतात. ते साच्यात एकावर एक आडवे बसतात, पृष्ठभागाला देखणी नक्षी येते, पण दोन पापुद्र्यांमध्ये प्लॅस्टिक पोचलं नाही तर तिथे थर सुटतो.

हॅमर मिल हे नवशिक्यासाठी सगळ्यात योग्य यंत्र. हातोडे आपटतात आणि बांबू जिथे कमजोर, म्हणजे धाग्याच्या दिशेला, तिथे उभा फाटतो. सुया मिळतात. खालच्या जाळीचं भोक आणि फेऱ्यांची संख्या या दोन गोष्टींवर तुमचा ताबा असतो. लोकांची सवय अशी, की माल जाड वाटला की पुन्हा दळायचा. एक फेरी, दोन, तीन. दर फेरीत सुया उभ्या फाटण्यापेक्षा आडव्या मोडायला लागतात आणि पीठ बारीक होता होता रवा होतं. बारीक झालं म्हणून चांगलं झालं असं समजू नका. बॉल मिलमध्ये, म्हणजे आत जड गोळे टाकलेल्या फिरत्या पिंपात, तासन्‌तास फिरवलं तर कण गोलसर होतातच, शिवाय धाग्यातल्या सेल्युलोजची शिस्तबद्ध रचनाही मोडते. पिठाची गिरणी वापरायचा मोह होतो, पण दगडांमध्ये पीठ तापतं, करपतं, आणि नंतर त्या गिरणीत लोकांचं धान्य दळायचं असतं. नकोच.

आता एक गोष्ट जी मला कॉलेजात कुणी शिकवली नाही. सूप-टोपल्या विणणाऱ्या एका बुरूड आक्कांकडे मी कामट्या आणायला जायचो. वाळलेला बांबू मी कोयत्यानं चिरायला लागलो तेव्हा त्या म्हणाल्या, "ओला आहे तोवर चीर रे पोरा. वाळला की तो तुझं ऐकत नाही." टोपलीच्या पातीबद्दलचं हे शहाणपण कणालाही तंतोतंत लागू पडतं. ओला किंवा भिजवलेला बांबू धाग्याच्या रेषेत सुटतो, कडक वाळलेला आडवा मोडतो. म्हणून कामट्या रात्रभर पाण्यात भिजवा, मग दोन लोखंडी रुळांमधून दाबून काढा. रसवंतीचा चरक ज्या तऱ्हेनं ऊस चेपतो तसंच. तीन-चार वेळा चेपल्यावर कामटी पसरते, धागे मोकळे व्हायला लागतात. ते वाळवून, कात्रीनं किंवा चाफ कटरनं हव्या त्या लांबीला कापून, मग हॅमर मिलमधून एकदाच काढा. वेळ जास्त जातो, पण निघणारा माल वेगळाच असतो.

कॉस्टिक सोड्याचा उल्लेख तुम्हाला सगळीकडे सापडेल. साधारण पाच टक्के द्रावणात धागे ठेवले की मेण, हेमीसेल्युलोज आणि थोडं लिग्निन निघून जातं, पृष्ठभाग खरबरीत होतो आणि जाड जुडगे सुटून बारीक होतात. म्हणजे सडपातळपणाही वाढतो. जास्त वेळ ठेवलं तर धागाच दुबळा होतो. शिवाय पाणी लिटमसला उदासीन येईपर्यंत धुवावं लागतं, कारण उरलेला अल्कली पुढे पीएलएच्या साखळ्या तोडतो. पहिल्या दोन-तीन प्रयोगांत हे टाळा. करायचं झालं तर रबरी हातमोजे आणि चष्म्याशिवाय हात लावू नका, आणि ते पाणी गटारात सोडू नका. दळताना नाकातोंडावर चांगला मास्क हवा, आणि शेडमध्ये धूळ साचू देऊ नका. बारीक लाकडी धूळ हवेत दाटली की ठिणगीनं पेट घेते.

तिसरी पायरी : कण मोजणं

काळा कागद, स्टीलची पट्टी, मोबाइल आणि त्याला लावायचं स्वस्त मॅक्रो लेन्स, एवढं पुरतं. पोतं हलवल्यावर बारीक माल खाली बसतो, म्हणून चिमूट वरून घेऊ नका. वर, मध्ये, खाली अशा तिन्ही ठिकाणचा माल मिसळून घ्या. कण एकमेकांवर पडणार नाहीत असे पसरा, शेजारी पट्टी ठेवा, बरोबर वरून फोटो काढा. इमेजजे हे मोफत सॉफ्टवेअर कॉलेजच्या कुठल्याही संगणकावर चालतं. त्यात पट्टीवरून माप बसवायचं आणि निदान दोनशे कणांची लांबी आणि जाडी घ्यायची.

पहिले पन्नास मोजताना कंटाळा येतो, तरी पुढे जा. सरासरी काढू नका, मधलं मूल्य काढा, कारण चार-दोन लांब काड्या सरासरीला भलतीकडे ओढतात. आणि धुळीचं प्रमाण वेगळं नोंदवा. १०० मेशमधून, म्हणजे साधारण १५० मायक्रॉनमधून, खाली पडणारा माल वजनानं किती टक्के आहे ते लिहा. ही धूळ प्लॅस्टिक पिते. तिचा एकूण पृष्ठभाग प्रचंड असतो, ती भिजवायला प्लॅस्टिक पुरत नाही आणि गुठळ्या राहतात.

किती सडपातळ पुरे?

माझ्या मते नवशिक्यांची सगळ्यात जास्त मेहनत इथे वाया जाते, म्हणून एक हिशेब मांडतो. पीएलएचा ताठपणा ३.५ गिगापास्कल (हे ताठपणाचं एकक) धरा, बांबूच्या कणाचा १५, आणि आकारमानानं १८ टक्के बांबू. सगळे कण ओढीच्या दिशेनं आहेत असं मानून मिश्रणाचा ताठपणा काढायच्या हाल्पिन-त्साई सूत्रात घातलं तर :

सडपातळपणा १ असेल तर कंपोझिटचा, म्हणजे बांबू-प्लॅस्टिकच्या मिश्रणाचा, ताठपणा सुमारे ४.६ गिगापास्कल.
१० असेल तर ५.३.
३० असेल तर ५.५.
५० केला तरी ५.५ च्या आसपासच.

एकवरून दहावर जाताना मोठी उडी आहे. दहावरून पन्नासवर जाताना जवळजवळ काहीच नाही. काचेच्या किंवा कार्बनच्या धाग्यांची पुस्तकं वाचून आपण लांबीमागे लागतो, पण ते धागे प्लॅस्टिकपेक्षा कैकपट ताठ असतात. बांबू पीएलएच्या चारपट-पाचपटच ताठ, त्यामुळे त्याला तेवढी लांबी लागत नाही. वस्तू फक्त ताठ हवी असेल, उदाहरणार्थ पट्टी, ट्रेची कड, पेनस्टँड, तर दहा पुरे.

मजबुतीचा, म्हणजे तुटण्याचा हिशेब वेगळा. तिथे किमान एक लांबी लागते, जिच्या खाली धागा तुटण्याआधी प्लॅस्टिकमधून निसटतो. तिचं सूत्र सोपं : धाग्याची ताकद गुणिले जाडी, भागिले दोन वेळा चिकटपणाची ताकद. ताकद ४०० मेगापास्कल, चिकटपणा ८ मेगापास्कल धरला आणि धाग्याचा जुडगा ०.२ मिलिमीटर जाड असला, तर ही लांबी येते ५ मिलिमीटर. इंजेक्शन मोल्डिंगमधून, म्हणजे वितळलेला माल दाबानं साच्यात भरताना, ५ मिलिमीटरचा बांबू धडपणे बाहेर येत नाही. पण तोच जुडगा फाडून ०.०५ मिलिमीटर जाडीचा केला, तर लागणारी लांबी सव्वा मिलिमीटरवर येते, आणि ती साध्य आहे.

म्हणून बांबू लांब ठेवायची धडपड सोडून तो बारीक फाडायची धडपड करा. चरक आणि भिजवणं एवढ्यासाठीच आहे. सूत्रात खाली बसलेला चिकटपणा वाढवला तरी तोच फायदा होतो, आणि मॅलेइक अनहायड्राइड जोडलेलं पीएलए त्यासाठीच वापरतात. पण ती दुसऱ्या टप्प्याची गोष्ट.

चौथी पायरी : वाळवणं

कणकुंबी-जांबोटीच्या पावसाची हवा ज्यांना माहीत आहे त्यांना ओलाव्याबद्दल जास्त सांगायला नको. बांबूचं पीठ ओव्हनमध्ये १०० ते १०५ अंश सेल्सिअसला ठेवा, दर तासाला वजन करा, दोन वजनं सारखी येईपर्यंत थांबा. मग लगेच हवाबंद डब्यात भरा किंवा थेट मशीनला द्या. पावसाळ्यात उघडं ठेवलेलं पीठ काही तासांत पुन्हा ओलावा धरतं. सडपातळ कण सैल, फुलून बसतात आणि हवा आतपर्यंत जाते, त्यामुळे ते तर आणखी लवकर.

पीएलएही वाळवायचंच, ओलावा ०.०२५ टक्क्याच्या खाली. स्फटिकी दाणा ८० अंशांना चार तास चालतो. दाणा स्फटिकी नसेल तर त्या तापमानाला चिकटून गोळा होतो, तो ४५-५० अंशांना जास्त वेळ ठेवावा. ओलं पीएलए वितळताना पाण्यानंच तुटतं, आणि मग कितीही सुंदर सुया घातल्या तरी वस्तू ठिसूळच.

पाचवी पायरी : मिसळणं

पहिल्यांदा वजनानं २० टक्के बांबू : ८०० ग्रॅम पीएलए, २०० ग्रॅम बांबू. मग १० आणि ३०. तापमान १७० ते १९० अंश. २०० च्या वर हेमीसेल्युलोज जळायला लागतं, माल तपकिरी होतो आणि गुऱ्हाळात काहील लागल्यासारखा जळका गोड वास येतो. तो वास आला की मशीनचं तापमान उतरवा, प्रयोग पुढे रेटू नका.

सुयांचा माल हॉपरमध्ये, म्हणजे मशीनच्या माल ओतायच्या नरसाळ्यात, अडकतो. एकमेकांत गुंतून कमान धरतो आणि खाली पडतच नाही. मग माणूस काठीनं ढोसतो, कधी जास्त पडतो, कधी कमी, आणि पट्टीपट्टीत प्रमाण बदलतं. त्यावर उपाय म्हणजे जुळ्या स्क्रूच्या एक्स्ट्रूडरमध्ये, म्हणजे प्लॅस्टिक वितळवून स्क्रूनं पुढे ढकलणाऱ्या मशीनमध्ये, बांबू मागून न घालता मधल्या तोंडातून, प्लॅस्टिक वितळल्यानंतर घालणं. त्यानं सुयाही कमी मोडतात. कोरडा दाणा आणि सुया एकत्र रगडल्या जाण्यापेक्षा वितळलेल्या मालात त्या अलगद बुडतात.

आणि हे विसरू नका : तिसऱ्या पायरीत मोजलेला सडपातळपणा मशीनमध्ये जाण्याआधीचा आहे. एक्स्ट्रूडर आणि मोल्डिंग मशीन मिळून त्यातला मोठा हिस्सा खातात. बाहेर आलेल्या मालाचा छोटा तुकडा दोन गरम पत्र्यांमध्ये दाबून पापुद्रा करा, उजेडासमोर धरा आणि पुन्हा फोटो काढून मोजा. क्लोरोफॉर्ममध्ये पीएलए विरघळवून कण वेगळे करता येतात, पण ते फक्त प्रयोगशाळेतल्या फ्यूम हूडमध्ये (वाफा बाहेर खेचणाऱ्या कपाटात), शेडमध्ये अजिबात नाही. खरा आकडा हा दुसरा. पहिल्या आणि दुसऱ्या आकड्यातली तफावत मोठी असेल तर स्क्रूचा वेग कमी करा.

साचा आणि वस्तू

साच्याच्या तोंडाशी, म्हणजे गेटपाशी, लांब कण अडकतात. नवा साचा करताना गेट रुंद ठेवायला सांगा. कण वाहण्याच्या दिशेनं वळतात, त्यामुळे वस्तू एका दिशेला ताठ आणि दुसरीकडे मऊ होते. जिथे दोन प्रवाह भेटतात त्या सांध्यावर कण आरपार जात नाहीत, म्हणून सुयांच्या मालात सांधा सगळ्यात कच्चा. गोलसर कणांत हा त्रास कमी. म्हणून गुंतागुंतीच्या, भरपूर भोकांच्या वस्तूला मी मुद्दाम आखूड कण घेतो. मघाशी बाजूला ठेवलेला आतला भाग इथे कामी येतो. रव्याला कमी लेखायचं नाही, त्याची जागा ओळखायची.

गरम चहाच्या कपाचं स्वप्न नव्यानं आलेला प्रत्येक जण बघतो. पीएलए ५५ ते ६० अंशांना मऊ पडतं आणि बांबू घातल्यानं तो आकडा फारसा हलत नाही. मे महिन्यात बंद गाडीत ठेवलेला डबासुद्धा वाकतो. आणि बाजारात बांबूचे म्हणून मिळणारे कडक चकचकीत कप बहुतेक मेलामाइनमध्ये बांबूची भुकटी घालून केलेले असतात. ते विघटन पावत नाहीत, आणि खाण्याच्या भांड्यांत ते विकण्यावर युरोपीय देशांनी कारवाईही केली आहे. त्यांच्याशी तुलना करून खचू नका.

आपल्या भागाला माझ्या दृष्टीनं सगळ्यात जवळची वस्तू म्हणजे रोपांची कुंडी आणि ट्रे. ऊस आणि भाजीची रोपं करणाऱ्या नर्सऱ्या इथे आहेत, आणि काळ्या प्लॅस्टिकचे तुकडे बांधाबांधावर दिसतात. इथे सुयांचा एक दोष गुण ठरतो. लांबट कण एकमेकांना टेकून पाण्याला वाट करून देतात, भिंत आतपर्यंत ओलावते आणि सूक्ष्मजीवांना शिरायला जागा मिळते. डब्याला हे नको असतं, कुंडीला हवं असतं. फक्त निव्वळ पीएलए शेतातल्या मातीत वर्षानुवर्षं तसंच राहू शकतं, त्याला औद्योगिक कंपोस्टची ५८ अंशांच्या आसपासची ऊब लागते. कुंडीसाठी पीबीएस किंवा पीबीएटी या दुसऱ्या विघटनशील प्लॅस्टिकांचा विचार करा. पीबीएस साधारण ११५ अंशांना वितळतं, त्यामुळे बांबूही करपत नाही.

ओढ-चाचणीला आयएसओ ५२७ आणि वाकवण्याला आयएसओ १७८ ही मानकं धरा. कॉलेजच्या प्रयोगशाळेत यंत्र असतंच. प्रत्येक प्रकारच्या निदान पाच पट्ट्या तोडा आणि शेजारी बांबू न घातलेल्या पीएलएच्याही पाच. आघात-चाचणीत आकडा घसरला तर घाबरू नका, पीएलए मुळात ठिसूळ आहे. विक्रीला जायची वेळ आली आणि वस्तूवर 'कंपोस्ट होणारी' असं छापायचं असेल, तर केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्रमाणपत्र आधी लागतं, आणि तपासणी आयएस/आयएसओ १७०८८ प्रमाणे होते. स्वतःच्या परसात पुरून बघितलेली कुंडी तिथे पुरावा ठरत नाही. तरीही पुरा, दर महिन्याला उकरून वजन करा, फोटो काढा.

आमच्या शेडमध्ये आता प्रत्येक खेपेच्या पिठाची एक काचेची बाटली फळीवर असते. चिठ्ठीवर बांबू कुठल्या गावचा, कुठल्या महिन्यात तोडला, ओला चेपला की वाळलेला, जाळीचं भोक किती, फेऱ्या किती, सडपातळपणा मशीनच्या आधी किती आणि नंतर किती, हे लिहिलेलं. त्या पहिल्या दोन पोत्यांतल्याही बाटल्या आहेत, शेजारी शेजारी. नवीन मुलगा आला की आधी त्याला काळा कागद देतो आणि त्या दोन बाटल्या उघडायला सांगतो.